शेवटच्या रांगेतला आवाज

गुरुवारच्या दुपारच्या खेळाला शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या दोन खुर्च्या घाडगे काका-काकूंच्या, हे बार्शीच्या त्या थिएटरात न सांगता ठरलेलं होतं. मधुमेहानं काकांची नजर नेली त्याला बारा वर्षं झाली, पण सिनेमाचं वेड काही गेलं नाही. पडद्यावर दिसेल ते काकू त्यांच्या कानात सांगायच्या. ऑपरेटर मुकुंदाला त्याचं भारी कौतुक.

आज मध्येच पडदा काळा पडला. केबिनमध्ये लाल अक्षरं उमटली: 'गळती. शेवटची रांग, कोपरा.'

"आता हिला काय धाड भरली!" मुकुंदा करवादला.

ही म्हणजे राखण, सिनेमाची चोरी पकडणारी कंपनीची यंत्रणा. सिनेमा कुलूपबंदच यायचा. त्याची किल्ली कंपनी पाठवायची, ठरल्या प्रोजेक्टरला, ठरल्या तासांपुरती. पण नुसतं वर्णन ऐकून हुबेहूब सिनेमा बनवणारी यंत्रं निघाली, आणि कंपनीनं या आठवड्यात खुर्च्याखुर्च्यांत कान बसवले. कुणी पडदा शब्दांत उतरवू लागलं, की राखण किल्ली काढून घेणार.

मुकुंदानं कंपनीला फोन लावला. "अहो, आंधळ्या नवऱ्याला सांगतेय बिचारी! चोरी कसली त्यात?"

"कळतंय हो साहेब," पलीकडची मुलगी म्हणाली. "पण इथं माणसाच्या हातात काही ठेवलेलंच नाही. त्या गप्प बसल्या की किल्ली परत येईल. पुन्हा बोलल्या तर खेळ रद्द."

खाली शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मुकुंदा काकूंपाशी गेला. शरमेनं त्याची मान वर होईना.

"काकू, बोलू नका."

"अरे, मी हळूच बोलते."

"हळूही नाही. माझा इलाज नाही हो."

"मग उठतो आम्ही."

"अगं, थांब," काका म्हणाले. "सिनेमातल्या त्या पोरीला बाप भेटतो का, तेवढं कळू दे."

काकू गप्प बसल्या. पडदा उजळला. पोरगी फाटकाशी आली. संवाद नाही, संगीत नाही. सगळं थिएटर श्वास रोखून बघत होतं. मग कुणीतरी हुंदका दिला.

"काय झालं गं? भेटला का?"

'सांगू का?' अशा नजरेनं काकूंनी शेजारी उभ्या मुकुंदाकडं पाहिलं. त्याला धड हो म्हणवेना, धड नाही म्हणवेना. एक शब्द निसटला तर पुढचे आवरणार नाहीत, हे जाणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

काकांनी अंधारात मान वळवली.

"अगं, तू आहेस ना इथं?"