आजीसाहेबांचं पान

या, शेकोटीपाशी सरका. सांगते ती गोष्ट ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण उलटला होता. वेझर नदीवर दाट धुकं. रोडेनाऊ सरदारांनी बांधलेल्या आमच्या जोगिणींच्या मठात, भरदुपारी हे सुरू झालं.

घराण्याच्या थोरल्या बाई, आजीसाहेब ओडा, नुकत्याच वारल्या होत्या. मुलगे लढाईत गेलेले. मागे एकच नात... सात वर्षांची हाडविग. रोडेनाऊंचं शेवटचं रक्त. तिला सांभाळायचं काम माझं.

आमची रीत अशी, की मेलेल्याचं पान महिनाभर मांडायचं. पाव आणि बिअर. जेवणं उरकली की तो वाटा दारावरच्या गरिबाला. मठातल्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही.

पण त्या साली धान्यच नव्हतं.

"पोर आजीसाहेबांच्याच रक्ताची," कोठी सांभाळणाऱ्या गेपाबाई म्हणाल्या. "तिलाच बसवा त्या पानावर. दारावरची भिकारीण वेंडेल माझ्याहून जाड झालीये!"

सगळ्या हसल्या.

"माई, रीत मोडू नका," मी मठाच्या प्रमुख मोठ्या माईंना म्हटलं.

"रीतीनं पोट भरतं का गं?" त्यांनी मला गप्प केलं.

हाडविग बसली. पाव संपवला.

संध्याकाळी आम्ही स्तोत्र गात होतो. गाणं म्हणजे माझा जीव. प्रत्येकीचा आवाज मी ओळखते...

एक आवाज जास्त होता.

खालच्या पट्टीतला. थकलेला... आजीसाहेबांचा.

पोर रोज जेवायची. रोज वाळत चालली.

"पोटभर खा गं, बाळा."

"खाते की. पण चव आजीला लागते."

 मी तिला तिथून उठवलं, माझ्या वाट्याचा पाव भरवायला गेले. तिनं तोंड घट्ट मिटलं.

"नको. आजी रागावेल."

नाताळाआधीच हाडविग गेली. रोडेनाऊंच्या घराला कायमचं कुलूप लागलं.

आता तिचं पान मांडलं. या वेळी रीत पाळली. अख्खा पाव मीच ठेवला. जेवण होईतो नजर हलवली नाही. मीच फडक्यात बांधून वेंडेलच्या हाती दिला.

ती तणतणत परत आली.

"ताई, गरिबाची थट्टा करता होय? उष्टा पाव देता?"

फडकं सोडलं...

एक घास तोडलेला होता.

दातांची खूण मोठ्या माणसाची.

आजीसाहेबांच्या आत्म्याच्या शांतीसाठी आजही अख्खा मठ गातो. घराण्यानं तसं दानच करून ठेवलंय. हाडविगसाठी कुणी नाही. आज जेवायला बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी तिचं नाव घ्या.

तिचं एकटीचं.