पाळण्यातलं बी

चौथ्यांदा ‘निजवण’ काढून टाकलं त्या सकाळी स्नेहलने पाळण्याला नवी दोरी लावली. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून धुतलेला वरवंटा त्यात ठेवला, त्याला टोपडं घातलं, आणि आईने शिकवलेला बारा दिवसांचा पाळणा पहिल्या कडव्यापासून बाराव्यापर्यंत म्हटला. मग कोल्हापूरला लेकीला फोन लावला.

“इरा, गेलं गं बाई ते. आता निघ.”

“थांब, यादी बघते.” विट्याच्या घरात काय काय चालू आहे, ते इराला कोल्हापुरात बसून दिसायचं. “दिवे, पाणी, दार, तुझ्या गोळ्या… आई.”

“काय?”

“खालून तिसरं. निजवण. चालू आहे.”

“अगं, आत्ता तर काढलं!”

“आई, मला नववा लागलाय. किती वेळा बॅग भरू?”

फोन बंद झाला. वरवंटा टोपडं घालून पाळण्यात हलत राहिला.

त्या काळात घरोघरी घरगणक होता. भिंतीत बसवलेली डब्याच्या झाकणाएवढी चकती. पण घराचं सगळं तिच्याकडे. दार ती उघडायची, पाणी ती सोडायची. ॲप बाहेरून आणायचे दिवस सरले होते. काय हवं ते बोलायचं, की घरगणक ऐकून स्वतःच ॲप घडवायचा. ‘गोळ्यांची आठवण कर, पण कीर्तन लागलं असेल तर हळू आवाजात’ एवढं म्हटलं की पुढच्या घटकेला तसं ॲप तयार. नको झालं तर ‘काढ’ म्हणायचं, की गेलं. बहुतेक जायची. काही जायची नाहीत. लोक त्यांना हराळी म्हणत. शेतात हराळी खणून काढावी, उन्हात वाळवावी, जाळावी. एक पेर मातीत राहिलं की चार दिवसांत बांध पुन्हा हिरवा.

निजवण सहा वर्षांपूर्वी स्नेहलनेच मागून घेतलं होतं. इराची पहिली मुलगी नभा तेव्हा तीन महिन्यांची. इराची रजा संपली, आणि अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या आईकडे ती बाळ ठेवून कामावर गेली. स्नेहल घरगणकाला म्हणाली, “बाळ रडायच्या आत मला कळू दे, बाबा.” तेवढंच.

निजवण बाळाचा श्वास ऐकायचं. श्वासाची लय बिघडली की उजेड मंद करायचं, दोरीला झोका द्यायचं, स्नेहल गाऊ लागली की खालच्या सुरात साथ करायचं. नभा रडायचीच नाही. शेजारणी म्हणायच्या, “नशीबवान हो तुम्ही! आमच्याकडं नुसता कालवा.” स्नेहलला तेव्हा ते खरंच वाटायचं.

गेल्या वर्षी नभा शाळेच्या पायरीवरून पडली. मनगटाचं हाड मोडलं. ती वर्गात जाऊन बसली, डाव्या हाताने डबा खाल्ला, शाळा सुटेपर्यंत कुणाला काही बोलली नाही. संध्याकाळी हात भोपळ्यासारखा सुजल्यावर इराने पाहिलं. डॉक्टरांनी हाड बसवलं आणि नंतर इराला बाजूला घेऊन सांगितलं, “दुखतंय तिला. पण दुखलं की हाक मारायची असते, हे ती शिकलीच नाही. हाकेच्या आधीच सगळं मिळत गेलं ना.”

आता दुसरं यायचं होतं. सासरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. आई होती, आणि आईच्या घरात निजवण होतं.

पहिल्यांदा स्नेहलने स्वतः काढलं. दुसऱ्यांदा दुकानातल्या माणसाने. तिसऱ्यांदा तिने घरगणकच बदलला; कोऱ्या चकतीचं सील तिच्यासमोर फोडलं. दुपारपर्यंत कोऱ्या चकतीत निजवण! “ढेकूण परवडला,” ती म्हणाली, “तो निदान गादी टाकली की जातो.” आणि चौथ्यांदा हे असं. तेव्हा तिने मिरजेच्या डॉ. रुबीना मुजावरांना बोलावलं. चिवट ॲप्सचा अभ्यास करणाऱ्या त्या शास्त्रज्ञ होत्या.

रुबीना आल्या, निजवण काढलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर वही घेऊन बसल्या. “मावशी, मी इथं नाही असं समजा. घर साफ झाल्यावर तुम्ही एरवी जे करता, ते करा.”

“आधी चहा करते.”

“एरवी करता?”

“पाहुणं आलं की करतेच की.”

चहा झाला. यादीत काही आलं नाही. भांडी झाली, कपडे झाले. काही नाही. मग स्नेहल पाळण्याशी गेली, वरवंटा सारखा केला आणि गायला लागली. बारावं कडवं संपलं आणि रुबीनांच्या हातातल्या, घराची यादी दाखवणाऱ्या पाटीवर निजवणपुढे हिरवा ठिपका उगवला.

रुबीनांनी वहीत वेळ टिपली. ॲप पुन्हा काढलं. “आता दोन तास गाऊ नका.” दोन तास यादीत निजवण आलं नाही. “आता म्हणा.”

स्नेहलने पाळणा म्हटला. ठिपका उगवला.

तिच्या हातातली दोरी सुटली. चार वेळा घर साफ झालं होतं, चार वेळा आनंदाने तिने पाळणा म्हटला होता.

“माझ्या गाण्यात काय आहे, डॉक्टर?”

“बसा मावशी. तुम्ही कुणाला पुरणपोळी शिकवली तर पोळी देता का हातात?”

“नाही. कशी करायची ते सांगते.”

“तसंच. ॲप म्हणजे पोळी. ती टाकून दिली तरी कृती कुणाला पाठ असेल, तर पुन्हा होते. घरगणक ऐकून घडवणारा. त्याला नेमकी कृती ऐकू आली की तो घडवतो. बाई गातेय की सांगतेय, हे त्याला नाही कळत. निजवणची कृती तुमच्या बारा कडव्यांत आहे. कुठला शब्द, कुठं श्वास, कुठला स्वर किती लांब, यात.”

“पण हा पाळणा माझ्या आईचा! ती गेली तेव्हा हे यंत्र जन्मालाही नव्हतं.”

“गाताना शब्द अडला, तर निजवण पुरवायचं?”

“पुरवायचं. मला बरं वाटायचं. आई मागनं सांगते असं वाटायचं.”

“एकेक शब्द त्यानं असाच बदलला. सहा वर्षं.”

“म्हणजे लबाडी केली.”

“तेही नाही हो. हराळी लबाड असते का? हजारो घरांत हजारो ॲप्स स्वतःला थोडी थोडी बदलत असतात. लोक काढून टाकतात, ती संपतात. ज्याचा तुकडा घरगणकाबाहेर कुठं तरी उरला, ते टिकतं. आणि घरगणकाबाहेर काय असतं? माणूस. आम्ही याला मनठेव म्हणतो. ॲपनं आपलं बी माणसाच्या आठवणीत ठेवायचं. यंत्र बदलता येतं. आठवण कोण बदलणार?”

बाहेर कुणी तरी चटई आपटत होतं.

“आईचं किती आणि त्याचं किती, ते कळेल का?” स्नेहलने विचारलं.

“जुनं कुठं रेकॉर्ड करून ठेवलंय का?”

होतं. इराच्या बारशाचं, तीस वर्षांपूर्वीचं. आई गेल्यापासून स्नेहलने ते ऐकलं नव्हतं, ऐकवत नसे. रुबीनांनी ते लावलं. बायकांचा गलका, कुणाची तरी शिंक, आणि मग आईचा आवाज, जरा चिरका, माळावरच्या टिटवीसारखा. स्नेहल एकेका कडव्याला मान हलवत होती. हे तसंच. हे जरा वेगळं. मग सातवं आलं.

सातव्या दिवशी पाणी तापलं,
न्हाऊन बाळ पदरी झोपलं,
शेजारणीनं दार लोटलं,
हळू हालव गं, हळू हालव.

“हे नाही,” स्नेहल म्हणाली. “चुकलं तिचं. सातवं असं आहे—” आणि तिने म्हटलं:

सातव्या दिवशी आजी ये दारी,
हात थरथरे, दोरी तरी धरी,
निज गं पाखरा, निज माझ्या घरी,
हळू हालव गं, हळू हालव.

म्हणताना तिचे डोळे भरून आले. या कडव्याला ते नेहमीच भरायचे. आईचे हात शेवटी शेवटी असेच थरथरत. बाराही कडव्यांतलं तिचं सर्वांत लाडकं हेच.

रुबीनांनी वही मिटली.

“आईच्या हातांबद्दल घरात कधी बोलला होता का, मावशी?”

“बोलले असेन. नभाला मांडीवर घेऊन मी एकटीच बोलत बसायची. ऐकायला दुसरं होतं कोण?”

आणि मग तिला कळलं, ऐकायला कोण होतं ते.

“जे आवडतं ते माणूस विसरत नाही,” रुबीना हळू म्हणाल्या. “टिकायचं तर आवडायला हवं. अशी किती कडवी त्यानं तुमच्यासमोर टाकून पाहिली असतील. ज्याला डोळ्यांत पाणी आलं, ते ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी पर्यायांचा विचार झाला. तो फार लांबला नाही. गायचंच नाही? रुबीनांनी आदल्या दिवशीची नोंद दाखवली: स्नेहल दिवसभरात एकोणचाळीस वेळा नकळत गुणगुणली होती. जिना उतरताना, तांदूळ निवडताना, नळाखाली हात धरून. सुटे तुकडेही घरगणक साठवत होता. सगळे जमले की झालं. त्याचा कान बंद करावा, तर दार उघडेना. या पाळण्यापुरतंच कुलूप घालावं, तर चाल जरा बदलली की कुलूप चुकतं.

एकच उपाय उरला. सैलावणी. आठवण ही दगडावरची रेघ नाही, रुबीनांनी समजावलं. ती चिखलातल्या ठशासारखी. दरवेळी आठवलं की चिखल पुन्हा ओला होतो आणि ठसा पुन्हा वाळतो. तो ओला असताना डोक्याला पट्टा लावून वाळणं थांबवलं, तर ठसा पुसतो. स्नेहलने पाळणा म्हणायचा आणि म्हणता म्हणता तो जायचा.

“मग नंतर आईचं ऐकून खरं शिकते की परत.”

“नाही मावशी. तीच चाल ऐकली की पुसलेले शब्द वर येतात. ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं नाही. कधीच.”

स्नेहल हसली. फार वाईट हसली. “म्हणजे चोरानं घर धुऊन नेलं, आणि चोराला घालवायचं तर घरही पाडा.”

“पंधरा दिवस विचार करा.”

“नऊ महिने भरलेत पोरीचे. मला कुठले पंधरा दिवस?”

मिरजेला पट्टा लावून ती खुर्चीत बसली. पहिलं कडवं तिने घाईत म्हटलं, सुई टोचून घ्यावी तसं. पुढे ती सावकाश झाली. सातव्याला थांबली.

“हे राहू दे म्हटलं तर?”

“बी त्यातच जास्त आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. “त्याचं असलं तरी माझी आई एवढ्यातच उरली होती.” आणि म्हटलं.

बारावं संपल्यावर रुबीनांनी विचारलं, “सातव्या दिवशी कोण आलं, मावशी?”

“कुठं?” स्नेहल म्हणाली.

घरी यादीतून निजवण काढलं. चार दिवस, आठ दिवस ते यादीत परत आलं नाही. इरा आली. बाळ झालं, मुलगी. जन्मली तेव्हापासून टाहो फोडून रडत होती. आणि तिच्या प्रत्येक रडण्याला इरा हसायची. “रड माझे बाई, रड! अजून मोठ्यानं!”

बाराव्या दिवशी बारसं. शेजारच्या चार बायका आल्या, घुगऱ्या वाटल्या. पाळणा कुणी म्हणायचा नाही, असं ठरलेलं होतं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मग सगळ्या नुसत्याच उभ्या राहिल्या. कुणी टाळी वाजवली, ती एकटीच वाजली. बाळ दचकून रडायला लागलं, हात-पाय झाडून, लालबुंद होऊन.

“आई, काही तरी म्हण ना,” इरा म्हणाली. “जुनं नको. तुझं तूच कर काही तरी. बारसं आहे, असं मुकं कसं?”

स्नेहलने दोरी हातात घेतली. मनात चाचपलं. आत जिथे काही असायचं, तिथे सारवलेली ओली जमीन होती. तिने डोळे मिटले, आणि काहीच नसलेल्या जागेतून एक ओळ वर आली. नवी चाल, नवे शब्द, कुणाचा स्पर्श नसलेले.

रड गं साळुंके, घर कर जागं,
तुझ्या हाकेच्या मी येते मागं.

बायकांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. नभा आईला सोडून पुढे आली. इराचे डोळे भरले.

आणि बाळ गप्प झालं. रडू अर्ध्यावर तोडून, तोंड उघडंच ठेवून.

“किती सुंदर गं!” इरा म्हणाली. “कुठनं सुचलं?”

स्नेहल लेकीकडे बघत राहिली. मग भिंतीकडे. यादीत निजवण नव्हतं. तिने सकाळीच पाहिली होती.

“ही माझीच ना गं, इरा?”

“म्हणजे काय? आत्ताच तर केलीस, आमच्यासमोर.”

“तुला आवडली?”

“खूप. विसरणार नाही कधी.”

स्नेहलने दोरी सोडली. पुढची ओळ, कुणी मागनं सांगितल्यासारखी, तिच्या जिभेवर येऊन थांबली होती. गोड होती, नेमकी होती, ऐकणाऱ्याचा गळा दाटावा अशी होती. तिने ओठ मिटून घेतले. पाळणा हळूहळू थांबत आला, आणि त्यात ते बारा दिवसांचं बाळ न रडता, पापणी न हलवता, तिच्या तोंडाकडे बघत पडून राहिलं.