घर बघायला आलेय

दार उघडलं तेव्हा समोर एक डोकं दिसलं, पण डोकं जिथे असायला हवं तिथे नव्हतं. तिच्या कमरेच्या उंचीवर होतं.

"या," ते डोकं जमिनीकडे बघतच म्हणालं. "घर बघायला आलात ना? माफ करा, वर बघता येत नाहीये. पण तुमच्या चपला छान आहेत."

तिने हसू कसंबसं गिळलं. दारातला तरुण कमरेत काटकोनात वाकला होता. एक हात भिंतीला, दुसरा पाठीवर. मागे खोलीभर खोकी, आणि पुस्तकांचं एक खोकं मध्येच कलंडलेलं. काय झालं असेल ते तिला विचारावंच लागलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. धरलेल्या पाठी आणि आखडलेल्या माना यातच तिचा दिवस जायचा.

"खोकं उचललंत ना? गुडघे न वाकवता?"

"तुम्ही घर बघायला आलाय की भविष्य सांगायला?"

"मी पाठी सरळ करते. पोटापाण्याचा उद्योगच आहे माझा. अहो, हलू नका! तसेच खाली बसा… हळू… आता कुशीवर. आता पाठीवर. पाय त्या खुर्चीवर टाका."

तो सांगितल्याप्रमाणे जमिनीवर आडवा झाला आणि तेव्हा कुठे त्याने तिचा चेहरा पाहिला. तोही उलटा.

"पहिल्याच भेटीत 'अहो'?"

तिचे कान तापले. "पेशंटला मी 'अहो'च म्हणते."

"सगळ्याच पेशंटना? मग ठीक आहे. मी आपला उगाच…"

"उगाचच," ती म्हणाली, आणि घर बघायला वळली. वळताना मात्र हसली. ते त्याला दिसलं नाही, असं तिला वाटलं.

या शहरात ती दोन दिवसांसाठी आली होती. इथल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला अख्खा विभाग सांभाळायला बोलावलं होतं. होकार की नकार, ते सोमवारी कळवायचं होतं. "आधी शहर बघते, घर मिळतंय का बघते, मग ठरवू," असं ती सगळ्यांना सांगून आली होती. सगळ्यांना म्हणजे तिच्या बाबांना. आई लहानपणीच गेली; तेव्हापासून घरात दोघंच. बाबांनी जन्मभर बस चालवली आणि निवृत्त होताना दोन्ही गुडघ्यांची कुरकुर बरोबर घेऊन आले. त्यांना एकटं ठेवून यायचं? छे! आलं तर दोघांनी यायचं.

"डावीकडे स्वयंपाकघर," जमिनीवरून आवाज आला. "खिडकी उघडताना कडी आधी वर उचला, मग ओढा. नाहीतर ती हातात येते."

ती हातातच आली.

"आली ना हातात?"

"नाही," ती कडी परत बसवत म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा.

"बयो, पाण्याला जोर आहे का?"

तिने नळ सोडला. "आहे की."

"सकाळी असतो," बाहेरून आवाज आला. "संध्याकाळी पाणी रुसतं!"

"कोण बोललं ते?" बाबांनी विचारलं.

"आधीचे भाडेकरू. घर दाखवताहेत."

"मग लांबून का ओरडतोय? तुझ्याबरोबर फिरून दाखवत का नाही?"

"ते… आडवे आहेत, बाबा."

पलीकडून बाबा सावकाश म्हणाले, "आडवे."

तिने सगळं समजावून सांगेपर्यंत बाहेरच्या खोलीतला माणूस हसत होता, आणि हसल्यावर पाठीत कळ आली की 'आई गं' म्हणत होता. हसणं, 'आई गं', पुन्हा हसणं.

थोड्या वेळाने त्याला उठून बसता आलं. भिंतीला टेकून त्याने सांगितलं की तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे आणि आता वर्षभरासाठी दुसऱ्या शहरात चाललाय. एका जुन्या हॉस्पिटलची नवी इमारत होतेय, तिथल्या सगळ्या लिफ्ट त्याने उभ्या करायच्या आहेत. त्याने शहराचं नाव घेतलं, हॉस्पिटलचंही.

ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या?"

"तुमच्या?"

"त्या लिफ्टसाठी मी किती अर्ज केलेत, माहितीये? माझे पेशंट कुबड्या घेऊन जिने चढतात. मी जीव तोडून त्यांना चालायला शिकवते आणि जिना बघून ते रडकुंडीला येतात. आणि आता मी तिथून निघाले की तुम्ही जाणार लिफ्ट बसवायला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणूनच चाललोय की," तो म्हणाला. "थोडा उशीर झाला, एवढंच."

साधंच बोलणं होतं, पण त्यातलं 'उशीर' तिला का कोण जाणे टोचलं.

"आता चालायला हवं," ती घाईने म्हणाली. "तुम्हाला म्हणतेय. पडून राहिलात तर पाठ पुन्हा धरेल. सपाट रस्त्यावर, सावकाश."

"एकटाच? वाटेत वाकलो तर?"

"फारच सोयीची पाठ आहे तुमची."

पण ती निघाली त्याच्याबरोबर.

त्या दुपारी तिने शहर पाहिलं ते एका सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने, आणि शहर बघावं तर त्याच चालीने, असं तिला मागाहून वाटत राहिलं. नदीवरून गार वारा येत होता. तिचे केस सारखे तोंडावर येत होते आणि ती सारखी ते कानामागे सारत होती. तो दर वेळी नजर नदीकडे वळवायचा… जरा उशिराच. त्याने तिला चाव्या करणाऱ्याचं दुकान दाखवलं, जुनं वाचनालय दाखवलं, आणि एक वळण दाखवलं जिथे बेकरीची भट्टी अगदी रस्त्याला लागून होती. "थंडीत लोक इथे उगाच चपलेचा पट्टा नीट करत थांबतात," तो म्हणाला. तीही थांबली. भिंत खरंच ऊबदार होती.

"आता तुमच्या शहराबद्दल सांगा," तो म्हणाला. "मी तर तिथे डोळे मिटून उडी मारतोय. खोलीसुद्धा बघितलेली नाही."

तिने सांगितलं. बाजार कुठे भरतो, पावसात कुठला रस्ता टाळायचा, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधला चहा का प्यायचा नाही. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. आपण सोडून चाललोय ते शहर आपल्याला किती पाठ आहे…

संध्याकाळी ते पुन्हा त्याच्या इमारतीखाली आले. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"घर छान आहे," ती म्हणाली. "पण तिसरा मजला. बाबांच्या गुडघ्यांना नाही जमायचं."

"समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक घर आहे. मालकीणबाई ओळखीच्या आहेत."

"तिथे ऊन येत नसणार."

"मागच्या गल्लीत—"

"तिथे गोंगाट असेल. आणि बाबांना इथे कोण ओळखतं? त्यांचे मित्र सगळे तिकडे. ते इथे कोमेजून जातील."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"गुडघे बाबांचे दुखतात. पण पाऊल तुमचं अडलंय, असं नाही ना?"

ती रागावली. चांगलीच रागावली. "एका दुपारच्या ओळखीवर फार बोलता तुम्ही," असं म्हणाली आणि वळून चालू लागली. त्याने मागून हाक मारली नाही. पाठदुखीमुळे त्याला धावताही आलं नसतं, हे तिला हॉटेलवर पोचल्यावर आठवलं, आणि तिचा राग उगाचच थोडा कमी झाला.

सकाळी तिने बाबांना फोन केला. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दुसरी घरं काही धड नाहीत, तेव्हा नाहीच म्हणून कळवावं असं वाटतंय, वगैरे वगैरे. बाबा सगळं ऐकून घेत होते.

"बयो," ते म्हणाले, "मी येतोय असं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मी नाही येणार. मी इथेच राहणार. रोज सकाळी डेपोतली आमची टोळी बागेत जमते, तिला सोडून कुठे जाऊ? हे तुला महिनाभर सांगायचं म्हणतोय, पण तू माझे गुडघे घेऊनच बसलीस. मला वाटलं, पोरीचा हिरमोड होईल."

"पण तुम्ही एकटे…"

"आणि तू? तुला एकटं राहायची भीती वाटते, हे मला कळत नाही होय? मलाही वाटते. तुझी आई गेली तेव्हा तर इतकी वाटली की रात्रभर दिवा लावून बसायचो. तरी सकाळी बस काढायचोच ना? अगं, मोठा विभाग देताहेत तुला! गुडघ्यांच्या नावावर नकार नको कळवूस. फार बदनाम झालेत बिचारे."

ती हसली, आणि हसता हसताच हॉटेलच्या पलंगावर बसून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन थेट तिसऱ्या मजल्यावर गेली.

आज तो सरळ उभा होता. तो एवढा उंच आहे, हे तिला आत्ता कळलं.

"घर घेतेय मी," ती धापा टाकत म्हणाली. "आणि काल जे म्हणालात… ते खरं होतं. म्हणून राग आला."

"मला रात्रभर झोप नाही. वाटलं, नको तिथे तोंड उघडलं."

"उघडलंत ते बरं झालं." ती थबकली. मग नजर चुकवत म्हणाली, "तुम्हाला तिकडे खोली नाहीये ना? आमच्याकडे… माझी खोली रिकामी होतेय. बाबांना विचारावं लागेल."

बाबांनी फोनवर त्याची कसून तपासणी केली.

"घोरता का?"

"माहीत नाही. सांगायला कोणी नसतं."

"स्वयंपाक?"

"करतो. लोक खातात."

"काल आडवे होतात ते तुम्हीच ना?"

"हो, काका. पण आता उभा आहे."

"बघू या. या तर खरे," बाबा म्हणाले.

दुपारच्या गाडीला तो तिला सोडायला आला. गाडी सुटायला वेळ होता, तरी दोघांनाही बोलायला काही सुचेना. शिट्टी झाल्यावर मात्र दोघं एकदमच बोलले. "कडी आधी वर उचल," तो म्हणाला. "बाबांना सांभाळ," ती म्हणाली. आणि आपण एकमेकांना 'अरे-तुरे' करून बसलोय हे लक्षात आलं तेव्हा गाडी हलली होती.

मग वर्ष गेलं. ती त्याच्या घरात राहिली, तो तिच्या खोलीत. सुरुवातीला ती फोन बाबांसाठी करायची. मग बाबा दोन वाक्यं बोलून "हं, घे रे बाबा," म्हणत फोन त्याच्याकडे द्यायला लागले. पुढे पुढे तर ते "मी जरा बागेत जाऊन येतो," म्हणून भरदुपारीच निघायचे. तिला नव्या शहरात माणसं मिळाली, रस्ते पाठ झाले, एकटीने जेवायची सवय झाली आणि मग त्याची गोडीही लागली. त्याच्या लिफ्ट सुरू झाल्या त्या दिवशी त्याने तिच्या जुन्या पेशंटना, एका आजींना, फोन दिला. आजी लिफ्टमधूनच बोलत होत्या. "अगं, जिना दिसलाच नाही!" एवढंच त्या सारख्या म्हणत होत्या. पण एवढं सगळं बोलून होत असताना जे बोलायचं होतं ते मात्र दोघांपैकी कोणीच बोललं नाही. फोनवर काय बोलायचं असलं काही… आणि समोर आल्यावर धीर होईल कशावरून?

एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. तिने उघडलं. तो होता. हातात दोन बॅगा, कपाळावर घाम.

"अरे… न कळवता? आणि दुसरी बॅग कोणाची?"

"बाबांची. ते खाली आहेत. 'तू पुढे हो, मी आपला सावकाश येतो' म्हणाले." त्याने बॅगा खाली ठेवल्या. "त्यांना वर यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच माझ्याकडे आहे. म्हणून मध्ये बोलू नकोस."

ती दाराला धरून उभी राहिली.

"माझं तिथलं काम संपलं. कंपनी म्हणतेय, आता आणखी लांब जा. मी म्हटलं, नाही. मला परत जायचंय. सगळ्यांना वाटतंय, मी या शहरात परत येतोय. पण मी शहरात नाही आलेलो. मी… तू ज्या घरात आहेस तिथे आलोय. वर्षभर तुझ्या खोलीत राहिलो. तुझी खिडकी, तुझी पुस्तकं, तुझे बाबा. सगळं होतं, फक्त तू नव्हतीस. आता हे असं नाही चालायचं. मला तू हवी आहेस. बस. झालं बोलून."

खाली जिन्यात पावलं वाजत होती. एक पायरी, मग मोठा श्वास, मग पुढची पायरी.

"घर मात्र मी सोडणार नाही," ती म्हणाली.

"सोड कोण म्हणतंय?"

"आणि विभागही नाही."

"मी लिफ्ट बसवतो गं. माणसांना खाली ओढायचा माझा धंदा नाही."

ती हसली. मग दोन पावलं पुढे येऊन तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं, आणि त्याने इतक्या अलगद हात तिच्याभोवती टाकले की जणू कडी हातात येईल. "मी केव्हाची वाट बघतेय, माहितीये?" ती त्याच्या शर्टात पुटपुटली. "तुलाच दर वेळी उशीर होतो."

जिन्यातली पावलं दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबली. कठड्यावर काठी टेकल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचा, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा:

"झालं का रे बोलून? की मी इथेच बसू अजून जरा?"

"बसा, बाबा!" दोघंही एकदमच ओरडले.