मास्तरचा कूलर

देव्हाडीचं रेल्वे फाटक पडलं आणि तृप्तीची स्कूटी अगदी तोंडाशी येऊन अडकली. माघातलं आभाळ उगाच भुरभुरत होतं. धड पाऊस नाही, धड ऊन नाही. तिने ओढणी डोक्यावर घेतली, वैतागून बाजूला पाहिलं... आणि पाहतच राहिली.

शेजारच्या मोटरसायकलवर एक तरुण निवांत शेंगा सोलत बसला होता. तोच चष्मा, तेच गालातलं हसू. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं.

"‘मास्तरचा कूलर’ लिहिणारे अश्विन तुमीच ना?"

तो एकदम खुलला. नव्या लेखकाला रस्त्यात वाचक भेटावा, याहून मोठं सुख ते काय! "हाव, मीच. वाचली तुमी?"

"वाचली? मी त्यातच राहते!"

त्याच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"तुमी... जीवनची बहीण?"

"दुसरी कोन असणार? नागपूरच्या हॉस्टेलात माझा भाऊ तुमाले घरच्या गोष्टी सांगे, अन् तुमी त्या छापून टाकल्या! तुमसरात पोरंटोरं बाबाले ‘कूलरवाले गुरुजी’ म्हणून राहिले!"

खरं होतं ते. तिचे बाबा, भैय्यालाल गुरुजी, शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात घरचा कूलर स्वतः दुरुस्त करत आणि दर उन्हाळ्यात घरात पाणी शिरे. कादंबरीत तर गुरुजींच्या कूलरने अख्ख्या गल्लीची लाइन घालवली होती. सगळा भंडारा जिल्हा पोट धरून हसला होता. तृप्ती तेवढी हसली नव्हती. म्हणजे... हसली होती. दवाखान्यात, कामावर, लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या लावता लावता, तोंडावर मास्क होता म्हणून कोणाला दिसलं नाही. पण ते याला कशाला सांगायचं?

तेवढ्यात मालगाडी धडधडत आली. आता ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"कोंढ्याचं स्थळ मोडलं माझं! पोराची आई म्हणते, पुस्तकातली पोरगी पाहुण्याच्या चहात मीठ टाकते, आमाले नाई चालत!"

"टाकलं होतं का तुमी?" तोही ओरडला.

"एकदाच!"

डबे संपत नव्हते आणि तृप्तीही संपत नव्हती. शेवटी गाडी गेली, आणि अचानक पसरलेल्या शांततेत अश्विन हळूच म्हणाला, "चुकलं माझं. माफी मागतो."

"मले नको माफी. बाबाची मागा. चला मांगं मांगं, आत्ता!"

तो खरंच आला. मुकाट्याने, भिजत.

गुरुजी महिनाभर घरात गर्जत होते: त्या लेखकाले कोर्टात खेचतो, त्याचा पेनच जप्त करतो. आता चांगला तमाशा होणार, या खात्रीने तृप्तीने दार उघडलं.

"जय भीम, गुरुजी," अश्विन दारातच वाकला. "मी अश्विन. ते पुस्तक..."

"जय भीम." गुरुजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बसा. तुमी मोटर जळली म्हणून लिहिलं. मोटर जळली नव्हती! पंखा उलटा बसला होता. माहीत नसल तर विचारा लागते ना!"

"बाबा!" तृप्ती किंचाळली.

आतून तिच्या आई, बायजाबाई, पदराला हात पुसत आल्या. त्यांचंही गाऱ्हाणं तयारच होतं. "मास्तरले अख्खं पुस्तक, अन् मले नुसतं चहा कराले ठेवलं? घर कोन चालवते बापा? हे का मी?"

"काकू, पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी?" तृप्तीने कपाळावर हात मारला. या घरात तिच्या बाजूने कोणी म्हणून नव्हतं! आईने पाहुण्याला पोहे वाढले. बाबांनी त्याला ओढतच मागच्या पडवीत नेलं, भर थंडीत कूलर बाहेर काढला, पाणी भरलं आणि बटण दाबलं. "आता पाहा, पंखा कसा सरळ..."

पंखा सरळ नव्हता. सगळं पाणी अश्विनच्या अंगावर आलं.

गुरुजी पान्हा शोधायला आत पळाले. तृप्तीने टॉवेल आणून त्याच्यापुढे धरला. तो चष्म्यावरून ओघळणाऱ्या पाण्याआडून हसत होता. इतका मनापासून, की तिचा राग उगाच घसरायला लागला. तिने तो घट्ट धरून ठेवला.

"जमा करून राहिले ना तुमी? आमचं सारं मनात जमा करून राहिले!"

"नाई..." तो टॉवेल घेता घेता थबकला. "खरंच नाई."

"मंग एक सांगा. पुस्तकातल्या त्या पोरीचं लग्न काहून नाई लावलं? शेवटपर्यंत बसवून ठेवलं बिचारीले."

"लावून पाहिलं ना. डॉक्टर आणला, फॉरेस्टवाला आणला, एक तर दुबईवाला आणला. मले एकबी पसंत पडला नाई." त्याने मान खाली घातली. "जीवन तुमच्याबद्दल सांगे ना, तवा सारे हसत. मीबी हसे. पण मंग बाकीचे विसरून जात, अन् मी... विसरत नव्हतो."

भुरभुर थांबली होती. पडवीच्या पत्र्यावरून थेंब पडत होते, एकेक, उगाच वाट पाहायला लावत.

"म्हणजे तुमाले पुस्तकातली पोरगी आवडते," तृप्ती म्हणाली. आवाज हवा तितका कडक निघाला नाही. "मी नाई."

 

"फाटकापर्यंत तसंच होतं," तो म्हणाला. "पुस्तकातली पोरगी मी लिहिलं तेवढंच बोलते. तुमी मले बोलून राहिल्या होत्या, अन् मी नुसता... गाडी आणखी लांब असती तर बरं झालं असतं, असं वाटून राहिलं होतं."

तृप्तीने नजर वळवली. गाल तापले होते आणि त्याचाही तिला राग आला.

"कोंढ्याचं ते स्थळ," ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "मलेबी नकोच होतं."

"मंग मले एवढं बोलल्या काहून?"

"बोलाचंच होतं!"

आत बाबा पान्ह्यासाठी डबे आपटत होते, आई त्यांच्यावर ओरडत होती. कुठल्याही क्षणी दोघंही पडवीत येणार होते.

"तुमचे आईबाबा कुठी राहतात?" तिने घाईने विचारलं.

"सानगडीले. काहून?"

"रविवारी घेऊन या त्याइले."

"कायले?"

तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं. ओले केस, पुसायचा राहिलेला चष्मा, हातात नुसताच धरलेला टॉवेल.

"कायले म्हणजे? एवढी जाडी कादंबरी लिहिली, अन् साधं एवढंबी समजत नाई तुमाले?"

त्याला समजलं. अगदी कान लाल होईपर्यंत समजलं.