स्टिअरिंगवरची लाल लोकर

गळाची काठी ठेव खाली, बेल्मिन. ट्रकचं चाक काढलंस, ब्रेक उघडा टाकलास आणि नदीवर निघालास? "अर्ध्या तासात येतो, काका." हेच शब्द याच गॅरेजात याआधी एकजण बोलला होता. त्याचं नाव घेताना अजून माझी कानशिलं तापतात.

बस. केनान, तूही बस, दार ओढून घे. आज सप्टेंबरातला शेवटचा गुरुवार, अंधारही पडलाय, म्हणजे सांगायला आजच्यासारखी रात्र नाही. आणि हे ऐकीव नाही. वेहिदला मी चांगला ओळखत होतो, आणि इझेत तर माझा शेजारी.

वेहिद इथला मेकॅनिक. हात चांगला होता, नाइलाजानं कबूल करतो. पण संध्याकाळी साना नदीवर किडे उडायला लागले, मासे तोंड वर काढायला लागले, की एक डोळा इंजिनात आणि दुसरा पुलाखाली. त्याच्या खणात पान्हे कमी आणि कोंबड्याची पिसं जास्त. गळाला लावायच्या खोट्या माश्या तो याच टेबलावर बांधायचा, ग्रीसच्या हातानं.

आता आपली रीत. ब्रेक उघडला की मेकॅनिकनं स्टिअरिंगला लाल लोकर बांधायची. बांधली त्यानंच सोडायची. लोकर दिसली तर खुद्द मालकही चावी फिरवत नाही. ती लोकर ज्या त्या ड्रायव्हरनं घरून आणायची. इझेतला त्याची बायको झुम्रा कातून द्यायची, आणि नवऱ्याला नजर लागू नये म्हणून तीत एक पांढरा धागा पिळायची. तसली लोकर दुसऱ्या कुठल्या ट्रकात नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, असाच शेवटचा गुरुवार. इझेतचा जुना ट्रक इथं उभा होता. ओंडके भरलेले, मागचे ब्रेक उघडलेले, स्टिअरिंगला त्याची लोकर. इझेत म्हणाला, "वेहिद, सकाळी आरागिरणीवर पोचायचंय. होईल ना रे आज?"

"होईल म्हणजे काय? जा, जेवून ये. आल्यावर लोकर दिसली नाही तर खुशाल घेऊन जा."

वेहिदनं चाकं परत चढवली, ब्रेकचं तेल भरायचं तेवढं राहिलं. आणि मग नदीत लिप्लेन वर यायला लागले. त्या माशाला शेपटीला लाल असलेली माशी लागते, हे तुम्हाला मी काय सांगू. वेहिदकडची लाल लोकर संपली होती. अख्खा बाजार उघडा होता. पण नाही, हा ट्रकमध्ये चढला आणि कात्रीनं स्टिअरिंगवरची लोकर कापली. सगळी कापली. बोटभर ठेवली असती तरी माणूस जगला असता. परत आल्यावर दुसरी बांधू म्हणाला असेल मनात. अर्ध्या तासात येणारच होता ना!

इझेत जेवून आला. स्टिअरिंग मोकळं होतं. त्यानं आणखी काय बघायला हवं होतं, सांगा मला. चावी फिरवली. अंगणातल्या सपाटीवर काही कळलं नाही. पुढचा उतार तुम्हाला माहीत आहे.

वेहिद पुलाखाली मांडीभर पाण्यात उभा होता. वळणावर ट्रक येताना त्यानं पाहिला. मागचा लाल दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. इझेत पॅडल मारत होता. मग पुलाचा कठडा तुटला आणि ट्रक डोहात गेला. इझेत त्यातून बाहेर आला नाही.

पोलिसांपुढे वेहिद काय म्हणाला असेल? "लोकर मी बांधली होती, साहेब. इझेतनंच सोडली असणार. घाईत होता." मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झाला हरामखोर. आणि गावानं माना डोलावल्या. झुम्रावहिनीच्या तोंडावर लोक म्हणायचे, "उतावळा होता बिचारा." ती बाजारात जायची बंद झाली. मला एवढंच म्हणायची, "सेय्फोभाऊ, ते दुसऱ्याची गाठ सोडणारे नव्हते हो."

गेल्या वर्षी, शेवटचा गुरुवार. वेहिद पुन्हा नदीवर. तीच जागा आणि माशीही तीच, त्याच लोकरीची. मासे लागतात म्हणून जपून ठेवली होती. काय काळीज असेल!

अंधार पडला. मासे थांबले. त्यानं शेवटचा एक गळ टाकला.

दोरा ताणला गेला.

मासा झटके देतो. पळतो. हा पळेना. एक ओढ... सैल. एक ओढ... सैल. पूर्ण दाबून... सोडून... पुन्हा दाबून...

ब्रेक लागत नसला की पॅडल कसं मारतो आपण?

तसं.

दोरा पुलाखालच्या डोहात गेला होता. वेहिदनं काठी सोडली. दोरा सुटेना. बोटांना गुंडाळला होता. पाणी गुडघ्याला. मांडीला. कमरेला. आणि डोहात, खाली... लाल उजेड. लागला. विझला. लागला...

"मी कापली. इझेत, मीच कापली रे... सांगतो सगळ्यांना."

दोरा तुटला.

...

हे त्यानं मला सांगितलं, त्याच रात्री, माझ्या दारात. चिंब भिजलेला, बोटं कापलेली, दात वाजत होते. मी त्याला कॉफीही विचारली नाही. म्हटलं, "चल आत्ताच्या आत्ता झुम्राकडे." तर म्हणे, "सकाळी, सेय्फो. सकाळी नक्की."

आणि सकाळी? दाढी करून इथं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रात्री जरा जास्त झाली होती मला. बरळलो असेन काहीतरी." मी त्याची कॉलर धरली. आणखी काय केलं असतं मला ठाऊक नाही, पण तेवढ्यात झुम्रावहिनी दारात आली. केनान, तू बसलायस तिथं उभी होती. तिनं मूठ उघडली. तळहातावर वेहिदची माशी, ग्रीस लागलेल्या पिसांची. गळाचा तुटका दोरा तिला तसाच होता.

"यांच्या कोटाच्या कॉलरला अडकली होती," ती म्हणाली. "कोट आतल्या खोलीत खुंटीला आहे, ते गेल्यापासून. दाराला आतून कडी होती." मग वेहिदजवळ गेली. "ही लाल लोकर. हा बघ माझा पांढरा धागा. स्टिअरिंगला बांधायला दिली होती मी. तुझ्या गळाला कशी आली?"

वेहिद मागच्या मागे बाहेर निघून गेला. सगळे ड्रायव्हर उभे होते. कोणाला काही समजावून सांगायला लागलं नाही. त्या दिवसापासून कोणी इझेतला उतावळा म्हटलेलं मी ऐकलं नाही. वेहिद कुठं गेला ते मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

माशी झुम्रावहिनीनं तिथं टांगली. तो खिळा. खाली शेगडी आहे, हिवाळाभर पेटलेली असते. वर्ष झालं.

हात लाव, बेल्मिन. लाव की.

...

ओली आहे ना?

पँटला पुसू नकोस. पान्हा घे, आणि ते चाक पुरं कर.