केवळाकाकूंची घागर

ही गोष्ट खरी आहे.

एरवी मी थोडं तिखटमीठ लावतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण हिला लावलेलं नाही. लुंबिनीनं स्वतः, माझ्यासमोर बसून सांगितलेली आहे. चहा गार झाला तरी तिनं कपाला हात लावला नव्हता.

गेल्या वर्षीचा एप्रिल महिना. लातूर. डाळमिलच्या मागची आमची गल्ली. आणि रात्रबित्र काही नाही हो, भर दुपार. भुतांना अंधारच लागतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?

उन्हाळ्यात आमच्याकडं नळ रुसतो. मग गल्लीच्या तोंडाला काळी टाकी ठेवतात, बोअरवरून भरतात, आणि बायका हंडे-घागरी घेऊन तिथं उभ्या राहतात. भरलेला हंडा एकटीनं डोक्यावर जात नाही. मग जी जवळ असेल तिला म्हणायचं, "हात लाव गं." तिनं वाकायचं, काठाला धरायचं, उचलू लागायचं. भांडण असलं तरी. अबोला असला तरी. पाण्याला हात लावायला कुणी नाही म्हणत नाही.

केवळाबाई तेवढी म्हणायची.

केवळाबाई म्हणजे लुंबिनीच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. देवणीकडची शेतीवाली, नवरा गेल्यावर पोरानं लातूरला आणून ठेवलेली. तोंड असं की कुत्रंसुद्धा तिच्या दारापुढून अंग चोरून जायचं. तुमचा केर माझ्याकडं आला, तुमच्या फोडणीनं माझा डोळा चुरचुरला, तुमची पोरगी मोठ्यानं वाचती.

लुंबिनी दवाखान्यात नर्स. असल्यांना सांभाळायची तिला सवय. ती हसून सोडून द्यायची.

एक गोष्ट मात्र तिला सुटत नव्हती. टाकीवर ती हात लावायला वाकली, की केवळाबाई म्हणायची, "राहू द्या हो. सिंधू येईल आत्ता."

सिंधू समोरच्या घरातली. ती येईपर्यंत म्हातारी उन्हात उभी. नाहीच आली, तर तांब्याची घागर फरशीवरून घरापर्यंत ओढत न्यायची. खर्रर्र... खर्रर्र... अर्धं पाणी वाटेत.

जातीचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. लुंबिनीच्या दारावर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि घागर काय सांगते ते सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

होळीच्या सुमारास केवळाबाई गेली. पोरानं दिवसपाणी केलं, घराला कुलूप घातलं आणि पुण्याला निघून गेला.

एप्रिल उजाडला.

एका दुपारी लुंबिनी टाकीवर एकटीच होती. ऊन असं की डांबर बुटाला चिकटावं. ती तोटी बंद करत होती, तेवढ्यात मागून...

"हात लाव गं माय."

हात लावताना कुणी तोंडाकडं बघत नाही. लक्ष काठावर असतं. लुंबिनी वळली, वाकली, तांब्याच्या घागरीचा काठ धरला आणि उचलला. घागर वर गेली.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

एवढ्या उन्हात तांबं... गार होतं. बर्फासारखं.

तिनं मान वर केली. गल्लीत कुणी नव्हतं.

भरली घागर डोक्यावर गेली की चार थेंब सांडतातच. जमीन कोरडी होती.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. आनंदराज शाळेत मास्तर.

"आपण भूतबित मानत न्हाई, लुंबिनी."

"मी कुठं मानते?" ती म्हणाली. "ती मानायली मला. आत्ता. मेल्यावर."

आनंदराज हसला. लुंबिनी हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची टाकीवर गेलीच नाही. पाणी सकाळीच भरून ठेवलं.

त्या दुपारी भिंतीपलीकडून...

खर्रर्र... खर्रर्र...

भिंतीला टेकून बुद्धप्रिया अभ्यास करत होती. लुंबिनीची एकुलती एक पोर. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी आख्खं वर्ष क्लासला जात होती, परीक्षा तोंडावर आली होती. तिनं पुस्तकातून डोकं काढलं.

"आई, पलीकडं काय ओढायलेत?"

"काही न्हाई. तू वाच."

पण पोरगी वाचेना. रोज दुपार झाली की तोच आवाज. ओट्यापासून मोरीपर्यंत. मोरीपासून भिंतीपर्यंत. मग भिंतीला लागून... थांबायचा.

एक दिवस बुद्धप्रिया म्हणाली, "आई, मला हाक मारायलेत."

लुंबिनीनं हातातली पळी खाली ठेवली.

ती तशीच उठली, भिंतीपुढं जाऊन उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून बोलली. शेजारणीशी बोलावं तसं.

"केवळाकाकू, जिवंत होतात तवा माझा हात चालला न्हाई. आता पाहिजे? बरं. मी येते. रोज येते. पण माझ्या पोरीला हाक मारायची न्हाई. ऐकलं का?"



मग अगदी भिंतीजवळून, हलकेच...

"हाव."

तेव्हापासून लुंबिनी रोज दुपारी जायची. गार काठ धरायची, उचलायची, मान खाली घालून परत यायची. आवाज बंद झाला. पोरगी वाचायला लागली. सिंधूनं एकदा खिडकीतून बघून विचारलं, "काय गं, हवेत काय उचलतीस?" लुंबिनी म्हणाली, "शेजारधर्म."

मग एका दुपारी दवाखान्यात बदलीची नर्स आलीच नाही. लुंबिनीला निघायला उशीर झाला. रिक्षातून उतरून ती धावतच गल्लीत शिरली...

समोरून बुद्धप्रिया येत होती.

डोक्यावर हंडा. काठोकाठ भरलेला. जिनं आयुष्यात वह्यांच्या पिशवीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, ती पोर.

"आई, उतरवू लाग लवकर. घरात पाणी नव्हतं, म्हणून आणलं."

"डोक्यावर कुणी दिला?"

"काकूंनी."

"कोणत्या काकूंनी?"

"मला काय माहीत? मी हंड्याकडं बघत होते. मीच त्यांच्या घागरीला हात लावला आधी, मग त्या म्हणाल्या, आता तुझा घे माय."

लुंबिनीनं दोन्ही हात वर केले. हंड्याचा काठ धरला. खाली घ्यायला जोर लावला...

हंडा फुलासारखा खाली आला.

पलीकडून कुणीतरी धरला होता.

लुंबिनीनं मान वर केली नाही.

अजून ते तिथंच राहतात. पोरीचा निकाल चांगला लागला. घर बदलायचं म्हटलं की लुंबिनी हंडा घेऊन टाकीकडं निघते.

मी तिला विचारलं, "अगं, एकदा पलीकडं बघायचं तरी होतंस."

तिनं गार चहाकडं बघितलं.

"बघितलं असतं, अन् तिनं हात सोडला असता तर, काका? खाली माझी पोरगी होती."