जाजम-स्मृती

डॉ. नियती खोत हिनं टाकीवरचे दिवे मंद केले, तशी झोअँथिड प्रवाळाची नव्वदेक हिरवी तोंडं हळूहळू मिटली. रत्नागिरीजवळच्या त्या प्रयोगशाळेत दुपारची शांतता होती.

"हेच का यांचं?" हेमांगी पारुळेकरांनी विचारलं.

"हो काकू. सरांनी मला तीन तोंडांचा तुकडा दिला होता, शेजारणीला विरजण द्यावं तसा. तुमच्या घरच्या टाकीतलं गेल्या उन्हाळ्यात मेलं. आता एवढंच उरलंय."

"पण यातल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नाही."

"ती तीन तोंडं कधीच गेली. पण हे प्रवाळ वाढतं कसं? खाली मांसल जाजम पसरतं आणि नवं तोंड त्यातूनच फुटतं. सगळ्यांचं मज्जाजाळं एकच. खाण्याआधी हमखास येणारी पहिली खूण ते जाजम धरून ठेवतं आणि नव्या तोंडाला ती आयती मिळते, असं सर म्हणायचे. जाजम-स्मृती."

"आणि लोक हसायचे."

बावीस वर्षं रोज संध्याकाळी हेमांगीबाईंचे पती आणि नियतीचे सर, विश्रामराव, अंगठीनं काचेवर टक-टक, टक करून प्रवाळाला खाऊ घालत. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचं काहीतरी अजून जिवंत आहे का, एवढंच हेमांगीबाईंना बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती.

"इथे यंत्र खाणं टाकतं. काचेला कुणी बोटही लावलेलं नाही," नियती म्हणाली. "वाजवा."

त्यांनी पर्समधून नवऱ्याची अंगठी काढली. टक-टक, टक. पुन्हा एकदा. एकही तोंड हललं नाही.

"हसणाऱ्यांचंच खरं म्हणायचं," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. त्यांना रडू आवरेना.

नियतीनं नियम धाब्यावर बसवून चहा आणला. बाईंनी कपबशी टाकीच्या ओट्यावर ठेवली आणि सवयीनं जराशी उजवीकडे सरकवली.

जाजमाच्या एका कडेपासून तोंडं उघडत गेली. नव्वदच्या नव्वद.

नियती टाकीवर वाकली. "काकू, घरी चहा कुठे ठेवायचात?"

"टाकीच्या ओट्यावर. यांच्या उजव्या हाताशी."

"आणि अंगठी?"

"त्यानंतर." बाईंनी हातातल्या अंगठीकडे पाहिलं. "मान वर करून कधी बघायचे नाहीत गं. मला वाटायचं, मी आलेली यांना कळतसुद्धा नाही."

"पण तुम्ही आल्याशिवाय त्यांनी एकदाही खाणं टाकलं नाही. नाहीतर कपबशीच्या आवाजाला हे उघडलं नसतं."

हेमांगीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"यंत्र बंद कर," त्या म्हणाल्या. "आज मी घालते."